तिसऱ्या वळणावरची हाक

१९ मार्च २०१८, सोमवार

रुग्णालयातल्या ॲलर्जीच्या डॉक्टर यास्ना म्हणाल्या की सासूबाई काय खातात, काय करतात, कुठे जातात, सगळं तारखेनिशी लिहून ठेवा. मी जमीन मोजणी कार्यालयात आहे, लिहून ठेवण्याची सवय आहे. मोजणीची एक कोरी वही गाडीत होती. तीच घेतली.

परवा शनिवारी रुझाचा चाळिसावा होता. रुझा माझी बायको. दहा फेब्रुवारीला गेली. चाळिसावा दिवस बुधवारी येतो, पण आमच्याकडे असे विधी आधीच्या शनिवारी करतात. आईच्या गावी, ड्रेनोवाला, वडिलांशेजारी पुरा असं तिनंच सांगून ठेवलं होतं.

सकाळी सासूबाईंचं डोकं दुखत होतं. त्यांनी दोन ॲस्पिरिन घेतल्या. चर्चमध्ये विधी झाला. शिजवून कुटलेला, साखर-अक्रोड घातलेला गहू सगळ्यांनी चमचा चमचा घेतला. उरलेला सासूबाईंनी वाडगा खरवडून संपवला. आशीर्वाद मिळालेला गहू टाकत नाहीत. आमच्याकडे तो मेलेल्याच्या आईनं किंवा बायकोनं संपवायचा असतो. मग मेणबत्त्या आणि वाइन घेऊन आम्ही टेकडीवरच्या कबरींकडे निघालो.

तिसऱ्या वळणावर त्या तळवे खाजवू लागल्या. चेहरा लाल झाला, ओठ सुजले. "पोटात पीळ पडतोय," म्हणाल्या आणि रस्त्याकडेच्या दगडावर बसल्या. मग आडव्या झाल्या. श्वासाला शिट्टीसारखा आवाज येत होता. मी काहीतरी ओरडलो. काय ते आठवत नाही, पण घसा अजून दुखतो आहे.

रुग्णालयात आधी म्हणाले, हृदयविकाराचा झटका. हृदयाचा आलेख तसाच होता. पोरगी गेल्याचा धक्का, असंही कुणी म्हणालं. नंतर नर्सला पोटावर गांधी उठलेल्या दिसल्या आणि डॉ. यास्नांना बोलावलं गेलं. त्यांनी समजावून सांगितलं. शरीर एखाद्या साध्या गोष्टीला शत्रू समजतं आणि सगळीकडून एकदम लढायला उठतं. कातडी, श्वासनळी, आतडी, सगळं सुजतं. रक्तदाब कोसळतो. हृदयाच्या रक्तवाहिन्याही आवळल्या जातात.

"कोणत्या गोष्टीला?" मी विचारलं.

"ते अजून माहीत नाही."

कागदावर लिहिलं आहे, कारण अज्ञात.

२५ मार्च, रविवार

काल घरी आणलं. तब्येत सुधारेपर्यंत मी ड्रेनोवालाच राहणार. इथून कार्यालय चौदा किलोमीटर.

शेजारच्या रादोय्काबाई कोंबडीचं सूप घेऊन आल्या आणि दारातच म्हणाल्या, "कारण अज्ञात? काय अज्ञात आहे त्यात! चर्चची दोन्ही दारं उघडी होती. आरपार वारा. घामेजल्या अंगाला आरपार वारा लागला की माणूस जायचाच. माझी आत्या तशीच गेली."

"तुझी आत्या ब्याण्णव वर्षांची होती," सासूबाई पलंगावरून म्हणाल्या.

"वारा लागला नसता तर शंभर गाठली असती."

त्या गेल्यावर मी सूप गरम केलं. सासूबाई बघत होत्या. "जावया, सूप ढवळतोयस की शेताची हद्द कायम करतोयस?"

मी ढवळत राहिलो. खरं तर आम्हा दोघांना एकमेकांशी बोलायची सवयच नाही. चोवीस वर्षं मधे रुझा होती. दोन्हीकडून जे काही जायचं ते तिच्यातून जायचं. आम्हाला मूल नाही. आता कायद्यानं बघितलं तर आम्ही एकमेकांचे कुणीच नाही. त्या मला 'जावया' म्हणतात. मी त्यांना आजवर कशानंच हाक मारलेली नाही. 'ऐकलंत का' वर भागत आलं.

सकाळी दोन पाव, पांढरं चीज. दुपारी सूप आणि पाव. त्रास नाही. हृदयाच्या डॉक्टरांनी रोज एक छोटी ॲस्पिरिन दिली आहे, ती नाश्त्याबरोबर.

७ एप्रिल, शनिवार

दर शनिवारी उजाडताच त्या कबरीवर जातात. आधी पाणीसुद्धा घेत नाहीत. मेलेल्याच्या आधी खायचं नाही, असं त्यांचं म्हणणं. मी मागे चार पावलं ठेवून चालतो. रुग्णालयातून आल्यापासून आज दुसरा शनिवार. काही झालं नाही. चर्चपासून कबरीपर्यंत फीत लावून मोजलं. चारशे बारा मीटर, चढ अठ्ठावन्न मीटर, तीन वळणं.

"कशाला मोजतोस?" त्यांनी विचारलं.

"डॉक्टरांनी सगळं लिहायला सांगितलंय."

"मग हेही लिही, की जावई बावळट आहे."

लिहिलं.

२२ एप्रिल, रविवार

त्या एक गळपट्टा विणत आहेत. निळसर करडी लोकर. कुणासाठी, ते मी विचारलं नाही. संध्याकाळी आपणहून बोलल्या. "रादोय्काला सांगू नकोस, ती गावभर करेल. त्या दिवशी मी खाली पडले ना, तेव्हा मला हाक ऐकू आली."

"कसली?"

"'आई' म्हणून. अगदी जवळून. रुझाच होती. मला आई म्हणणारं दुसरं आहे कोण? पण आवाज बसला होता रे तिचा. घोगरा झाला होता. तिथं गारठा असणार."

गळपट्टा रुझासाठी आहे. कबरीवर ठेवणार आहेत.  ताप आणि औषधांमुळे भास होतात असं वाचलं आहे. डॉ. यास्नांना विचारावं का?

१५ मे, मंगळवार

चाचण्या झाल्या. हातावर ओळीनं थेंब टाकून टोचलं. अक्रोड, गांधीलमाशी, मेण, धूप, वाइन, सगळं टोचलं. कशालाच गांध आली नाही. सासूबाईंनी हात माझ्यापुढे धरला. "घे, नकाशा काढून दिलाय तुला."

पिठाची चाचणी सांगू का, असं डॉक्टरांनी विचारलं. मी म्हणालो, पाव तर त्या तिन्ही वेळा खातात. मग ते राहिलं.

तरीही अक्रोड बंद करायला सांगितला आहे. आणि ॲड्रेनॅलीनची दोन पेनं दिली. पुन्हा झालं तर मांडीत टोचायचं, कपड्यावरून चालतं, दहापर्यंत मोजायचं. एक त्यांनी जवळ बाळगायचं. दुसरं मी माझ्या कोटाच्या खिशात ठेवलं. मोजणीला जाताना फिती दोन न्यायच्या, हे मला पहिल्याच साहेबांनी शिकवलं होतं.

२७ मे, रविवार

काल सर्व मृतांचा शनिवार होता. सगळ्या गेलेल्यांसाठी असे शनिवार वर्षातून काही वेळा येतात. गहू अक्रोडाशिवाय केला. रादोय्काबाई चर्चमध्ये सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "अक्रोडाशिवाय गहू! मातीखाली निजलेल्यांना काय वाटेल? की आपल्याकडे दुष्काळ पडलाय?" सासूबाईंनी उलट आणखी दोन चमचे घेतले आणि वाडगा पुसून संपवला.

तिसऱ्या वळणावर पुन्हा तेच. तळवे, ओठ, शिट्टी. चर्चमधून निघाल्याला वीस मिनिटं झाली होती. मी त्यांच्या पिशवीतलं पेन काढलं. टोपण दातांनी ओढलं. टोचलं, दहापर्यंत मोजलं. मोजताना ओरडतही होतो. दोन्ही एकदम कसं जमलं माहीत नाही. अकराव्या मिनिटाला त्यांनी डोळे उघडले.

रुझा म्हणायची, तुझा आवाज म्हणजे गंजलेलं फाटक, उघडू नकोस. काल फाटक चांगलंच उघडलं असावं. रादोय्काबाई म्हणाल्या, गिरणीपर्यंत ऐकू गेलं.

रुग्णालयात मी शेजारी बसलो होतो. सासूबाई कुजबुजल्या, "पुन्हा बोलावलं तिनं. दोनदा. 'आई, आई.'" मग छताकडे बघत म्हणाल्या, "ते कारण अज्ञात म्हणतात ना? मला माहीत आहे कारण. नावानिशी."

त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. त्याचीच मला भीती वाटली.

१४ जुलै, शनिवार

मे महिन्यातल्या त्या दिवसापासून शनिवारी टेकडीवर मी एकटा जातो. त्या माझ्याबरोबर फुलं देतात आणि रुझासाठी निरोप. निरोप मी मनातल्या मनात सांगतो. मोठ्यानं जमत नाही.

आज नाश्त्याला गरम पाव झाला. तीन तुकडे, वर मुरंबा. गोळी घेतली. तेवढ्यात पांढरी कोंबडी कुंपणाबाहेर गेली आणि सासूबाई तिच्यामागे प्लमच्या बागेतून वरपर्यंत धावल्या. कोंबडी घेऊन आल्या तेव्हा मानेवर, हातांवर गांधी होत्या. बसवून पाणी दिलं. तासाभरात गेल्या. रादोय्काबाईंच्या मते बागेत खाजकुइली आहे. मी सगळी बाग हातांनी चाचपून पाहिली. नाही.

१२ ऑगस्ट, रविवार

काल सहामाही झाली. डॉ. यास्ना म्हणाल्या, धोका नको, त्यांना पायी चढू देऊ नका. म्हणून जंगलाच्या वरच्या रस्त्यानं गाडी थेट कबरीपर्यंत नेली. खाली चर्चमध्ये गहू झालाच होता. सासूबाईंनी नेहमीप्रमाणे वाडगा संपवला. मी घड्याळ हातात धरून बसलो. वीस मिनिटं, चाळीस मिनिटं, तास. काही नाही.

"गाडीच्या काचा बंद होत्या ना?" रादोय्काबाई म्हणाल्या. "बघा! वारा लागला नाही."

मला इतकं हलकं वाटलं की परतताना शिट्टी वाजवली. मग आरशात सासूबाईंचा चेहरा दिसला.

"आज नाही बोलावलं तिनं," त्या म्हणाल्या. "गाडीतून आलेल्याला कोण बोलावणार?"

मी शिट्टी बंद केली.

१४ ऑक्टोबर, रविवार

सात महिने झाले. 'तब्येत सुधारेपर्यंत' आलो होतो. शहरातल्या घराची झाडं शेजारीण घेऊन गेली. काल सासूबाईंनी माझे तीन शर्ट रुझाच्या जुन्या कपाटात लावले. म्हणाल्या, "खुर्चीवर ढीग बघून डोळे दुखतात." माझ्यासाठी मिरच्या वेगळ्या भाजतात. सालं काढून, कारण मला साल पचत नाही. हे त्यांना कुणी सांगितलं? रुझानंच सांगितलं असेल, केव्हातरी.

गळपट्टा पुरा झाला आहे. खणात ठेवला आहे.

४ नोव्हेंबर, रविवार

रुग्णालयाच्या बाकावर लिहितो आहे.

काल पुन्हा मृतांचा शनिवार होता. सासूबाई म्हणाल्या, चालतच जाणार. मी खूप समजावलं. "डॉक्टरनं तुला गाडी चालवायला सांगितलंय, मला नाही," म्हणाल्या. सकाळी त्यांनी मला घर दाखवलं. सरपणाची लाकडं कुठून काढायची, पांढऱ्या कोंबडीला दाणे वेगळे का ठेवायचे, मुरंब्याच्या बरण्यांवर कोणती वर्षं आहेत. मला वाटलं, हिवाळ्याची तयारी. "आणि मिरच्या सोलून खा," म्हणाल्या. मी होकार भरला.

चर्चमध्ये त्यांनी सगळा वाडगा संपवला. तिसऱ्या वळणाच्या आधीच पडल्या. या वेळी फार झपाट्यानं झालं. मी त्यांची पिशवी उलटी केली. मेणबत्त्या, काडेपेटी, गळपट्टा. पेन नव्हतं. त्यांनी माझा हात बाजूला सारला. स्पष्ट आठवतं आहे, त्या हसत होत्या आणि हात बाजूला सारत होत्या.

माझ्या खिशात दुसरं होतं.

रुग्णवाहिकेत आणखी एकदा द्यावं लागलं. काल दिवसभर लघवी झाली नाही. रक्तदाब इतका वेळ पडलेला होता की मूत्रपिंडांना मार बसला आहे, असं म्हणाले. हृदयालाही. बघू, म्हणाले.

डॉ. यास्नांनी वही मागितली. उतरवून द्यायला वेळ नव्हता. आहे तशी दिली.

६ नोव्हेंबर, मंगळवार

मूत्रपिंडं सुरू झाली. मी नर्सचा हात हातात घेऊन हलवत राहिलो, तिला सोडवून घ्यावा लागला.

सकाळी कपडे आणायला घरी गेलो. पाव लावायचा म्हणून पिठाचा डबा उघडला. पेन पिठात पुरलेलं होतं. मी ते पुसून खिशात ठेवलं.

डॉ. यास्नांनी वही परत दिली. पानापानांवर पेन्सिलीच्या खुणा होत्या. "गहू," त्या म्हणाल्या.

"पण पाव तर त्या रोज—"

"नुसता गहू नाही. गहू आणि चढ. खाल्ल्यावर लगेच शरीर जोरात राबलं तरच होतं. उपाशी चढल्या, काही नाही. गाडीतून गेल्या, काही नाही. कोंबडीमागे धावल्या, गांधी. आणि आम्हीच दिलेली ॲस्पिरिन त्यात तेल ओतत होती. रक्ताची चाचणीही तेच सांगते. मे महिन्यात मीच पिठावर अडून बसायला हवं होतं." मग हसल्या. "तुमच्या वहीत सगळं लिहिलेलं आहे. तुम्ही वाचलेली मात्र दिसत नाही."

म्हटलं, तीनदा वाचली.

"मग चौथ्यांदा वाचा," म्हणाल्या. कारण तर त्यांनी सांगितलं होतंच. आता आणखी काय वाचायचं?

९ नोव्हेंबर, शुक्रवार

सासूबाईंना सांगितलं. वाटलं होतं, खूश होतील. सगळं ऐकून घेतलं, चादरीची कड सरळ केली.

"म्हणजे पाव," म्हणाल्या. "पाव आणि टेकडी."

"हो."

"म्हणजे तिनं मला बोलावलंच नव्हतं."

मी सरळ माणूस. "नाही," म्हणालो.

त्यांनी भिंतीकडे कूस केली. मोजणीत चूक झाली तर पुन्हा मोजता येतं. तो 'नाही' परत कसा घ्यायचा?

पिठाच्या डब्याबद्दल मी बोललो नाही. त्याही नाहीत.

२ डिसेंबर, रविवार

घरी आहेत. खातात, पण जेवल्यासारखं नाही. बोलत नाहीत. रादोय्काबाईंनासुद्धा उलट उत्तर देत नाहीत. त्या जाताना मला म्हणाल्या, "हिला काहीतरी टोच, जावया. मला शिव्या द्यायलासुद्धा उठत नाही ही."

आज जेवताना मी धीर करून म्हणालो, "तुम्ही गेलात तर मिरच्या कोण सोलणार?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं.  "लिंबाएवढ्या मेंदूचा आहेस," म्हणाल्या आणि ताटातलं संपवलं.

७ जानेवारी २०१९, सोमवार

नाताळ, आमच्या चर्चच्या जुन्या पंचांगाप्रमाणे. नाताळचा पाव त्यांनी खाल्ला, डॉक्टरांच्या परवानगीनं. अट एकच, नंतर चार तास खुर्चीतून हलायचं नाही. मी घड्याळ टेबलावर ठेवलं. रादोय्काबाई सोबत बसल्या. "बघ कशी बसलीय! गावाच्या हद्दीवरचा दगड!"

"दगडाला निदान शांत बसू देतात," सासूबाई म्हणाल्या. रादोय्काबाईंना उलट उत्तर, दोन महिन्यांनी.

९ फेब्रुवारी, शनिवार

आज रुझाचं वर्ष.

विधीचा क्रम बदलून घेतला. पाद्री गाव्रिलो म्हणाले, देवाला चढ आधी की गहू आधी, याचं काही नाही. सासूबाई उपाशी निघाल्या. ॲस्पिरिन नोव्हेंबरपासून बंद आहे. दोन्ही पेनं माझ्या खिशात. बर्फ फार नव्हता. मी नेहमीप्रमाणे चार पावलं मागे, रादोय्काबाई धापा टाकत त्याच्याही मागे.

तिसऱ्या वळणावर सासूबाई थांबल्या. दगडाकडे बघत उभ्या राहिल्या. वारा नव्हता, आवाज नव्हता. त्या कान देऊन उभ्या आहेत, हे मला कळलं. बघवेना.

रादोय्काबाई पोचल्या आणि दगडावर बसकण मारली. "आज चुकल्यासारखं वाटतंय. जावई ओरडला नाही ना!"

"ओरडला?" सासूबाई म्हणाल्या.

"तर! तिन्ही वेळा. 'आई! आई!' म्हणून असा बोंबलला की गिरणीवाल्याला वाटलं, रानडुक्कर फासात अडकलं. पाद्रीबाबांच्या हातातून धुपाटणं पडलं. कुणी सांगितलं नाही तुला? बरोबर, तू तेव्हा मरत होतीस."

मी म्हणालो, मला आठवत नाही. खरंच आठवत नाही.

सासूबाई दगडापासून वळल्या. पुढे चालू लागल्या. कबरीवर आम्ही मेणबत्त्या लावल्या, वाइन ओतली. त्यांनी पिशवीतून गळपट्टा काढला. हातात धरून रुझाच्या नावाकडे बघत राहिल्या. मग माझ्याकडे वळल्या.

"वाक जरा. शिडी आणलेली नाही मी."

मी वाकलो. त्यांनी तो माझ्या गळ्याभोवती दोन वेढे देऊन बांधला, घट्ट, जसं लहान मुलाला बांधतात तसं.

"तरीच आवाज घोगरा वाटला," म्हणाल्या. "मी आपली म्हणते, पोरीला तिथं आरपार वारा लागला."

रादोय्काबाईंनी लगेच विचारलं, "कुठे? कुठे लागला वारा?"

घरी येऊन त्यांनी गहू खाल्ला. अक्रोड घातलेला. वाडगा खरवडून संपवला. मी घड्याळ समोर ठेवलं आणि ही वही घेऊन बसलो. लोकर मानेला टोचते आहे.

आत्ताच विचारलं त्यांनी, "झाले का चार तास?"

"अजून वीस मिनिटं, आई."

खिडकीकडे बघत होत्या. कोंबड्या आत घ्यायची वेळ झाली आहे.

"मग बसते," म्हणाल्या.